शेऱ्यात ‘हुशार’ सोडून काय लिहू?

सुईदोरा: मी शिवणकाम शिकवते. वर्ग संपताना प्रत्येकीला शेरा लिहून द्यायचा असतो. सगळ्यांना ‘कुशल’, ‘हुशार’ लिहिलं की कुणाचंच काही कळत नाही. यंदा तिघींपाशी अडलेय. पहिली बाही जोडते तेव्हा बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडायची त्या कापापेक्षा, मोठी असते, तरी टाचणी न लावता नुसत्या बोटांनी जादाचं कापड आत सारत नेते आणि एक चुणी पडत नाही. दुसरी सावकाश शिवते, पण कापड चिमटीत धरून धुतल्यावर आटेल का ते बरोबर सांगते. तिसरीची टीप अजून वाकडी जाते, पण कापड असं काही बेतते की मला ते सुचलंच नसतं. तिघींना एकच शब्द लावणं अन्यायाचं वाटतं.

बोरू: पहिलीला ‘हातोटी’. ‘हातखंडा’ म्हटलं की वर्षानुवर्षं मुरलेला हात डोळ्यांसमोर येतो, शिकाऊ मुलीला तो जड होईल. दुसरीला ‘कापडाची जाण’. ‘ज्ञान’ नको, ते पुस्तकातूनही येतं. तिसरी ‘कल्पक’. ‘प्रतिभा’ मात्र राखून ठेवा.

निळी शाई: राखून कशाला? संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताने प्रतिभेला ‘नवनवोन्मेषशालिनी’ प्रज्ञा म्हटलंय, म्हणजे सतत नवं सुचणारी बुद्धी. तिसरीला ते चपखल बसतं. आणि ११व्या शतकात मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने काव्यासाठी शक्ती (म्हणजे प्रतिभाच), निपुणता आणि अभ्यास अशा तीन गोष्टी सांगितल्या, पण ‘हेतु’ हा शब्द एकवचनी ठेवला. तिन्ही मिळून एकच कारण! तेव्हा ‘प्रतिभा आहे, अभ्यास वाढवावा’ असं बिनधास्त लिहा. पहिलीला ‘उपजत हातोटी’ लिहिलंत तर छान दिसेल.

सुईदोरा: ‘उपजत’ नाही लिहिणार. तीच बाही तिने कितीदा उसवली ते मी पाहिलंय. उसवून उसवून मुंढ्याची कड विरायला आली, की नवा तुकडा घेऊन पुन्हा बसायची. लोक आता ‘हिच्या हातातच आहे’ म्हणतात तेव्हा मला फार लागतं.

बोरू: मग ‘कसब’ लिहा. मूळ अरबी शब्दात कमाईचाच अर्थ आहे.

सुईदोरा: हे पटलं. ‘बाही जोडण्याचं कसब मेहनतीने कमावलं आहे.’ दुसरीला ‘जाण’ पक्की. तिसरीला ‘कल्पक बेतते, सरळ टिपेचा रोज सराव हवा’ लिहिते. ‘प्रतिभा’ तिला तोंडी सांगेन, आईसमोर.