चौथीतली पोरं धडा म्हणतात, पण नवं पान वाचता येत नाही. काय करावं?

शाळा समिती सदस्य, दारव्हा तालुका
जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट 31, शिक्षक दोन. चौथीतली निम्मी पोरं पुस्तकातला धडा घडाघडा म्हणतात, पण न पाहिलेलं पान समोर ठेवलं की गप्प. दोन-दोन वर्ग एकदम सांभाळताना एकेकाचं वाचन ऐकायला गुरुजींना वेळ मिळत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत हजेरीही घटते. समितीनं पुस्तकं घ्यावीत का?

निवृत्त केंद्रप्रमुख, अकोला
भाऊ, पुस्तकं नंतर. आधी कोण कुठं अडतं ते काढा. ‘असर’ची, म्हणजे गावोगावी मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणाची, पद्धत सोपी आहे: एका कागदावर सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून. सहज वाचला तर गोष्ट द्या, अडला तर शब्दांवर या. पाचपैकी चार शब्द जमले नाहीत तर अक्षरांवर. एकेकाला व्हरांड्यात बोलवा. सगळ्यांसमोर घेतलं की मागचा पोरगा पुढच्याचं ऐकून म्हणतो.

मग रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करा. दोन्ही शिक्षकांनी अक्षर आणि शब्द गट घ्यावेत, वरचे गट जोडीनं वाचतील. चौथीचं पोर दुसरीच्या पोराजवळ बसलं की पालक चिडतात. त्यांना आधीच समजावणं हे समितीचं खरं काम.

अक्षर गटाला अ ते ज्ञ पाठ करायला लावू नका. न, र, क, म, प, ल ही सहा अक्षरं आणि काना एवढ्यावर कान, पान, मका, रान, नाला, पाला होतात. ‘काका, मका कापा’, ‘मामा, नाला पार करा’ अशी वाक्यंही होतात. पहिल्याच आठवड्यात पोराला पुरं वाक्य वाचता आलं की त्याचा चेहराच बदलतो. लग्नपत्रिकांचे जाड कागद तळहाताएवढे कापा, एका कार्डावर एकच अक्षर, ठळक मार्करनं. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

पुढची अडचण वेलांटीची. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चार मात्र नंतर. म्हणून ‘कविता’चं ‘किवता’ होतं. ‘वि’भोवती चौकट काढून दाखवा, दोन-तीन दिवसांत सुटतं. रफाराचं उलट आहे: ‘वर्ग’मध्ये तो ग वर बसतो, पण म्हणायचा आधी. तो जोडाक्षरांबरोबर, शेवटी घ्या.

शिक्षिका, मेळघाट
सरांच्या म्हणण्यात एक भर. वऱ्हाडी घरातलं पोर ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ वाचत असेल तर ती चूक धरू नका. त्यानं शब्द ओळखला, अर्थही कळला, उच्चार तेवढा घरचा आहे. तिथं मध्येच थांबवून दुरुस्त केलं की पोर मोठ्यानं वाचायचंच सोडतं. प्रश्न विचारताना उत्तर वऱ्हाडीत आलं तरी पूर्ण गुण द्या.

कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी (बंजारा) बोलणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना ‘कमळ’ वाचता येऊनही अर्थ लागत नाही. आधी वस्तू किंवा चित्र, घरच्या भाषेतलं नाव, मग मराठी नाव, आणि त्यानंतर अक्षरं. घरच्या भाषेतले शब्द देवनागरीत फळ्यावर लिहिले तर वाचन फार लवकर पकड घेतं.

विषय साधनव्यक्ती, वाशीम
बाराखडी मात्र टाकून देऊ नका. नुसती सुरात म्हणून घेतली तर उपयोग नाही, हे मान्य. पण शब्द गटासाठी ती तक्त्यावर, बोट ठेवून, उलटसुलट विचारली तर मात्रा पक्क्या होतात. ‘कू कुठं आहे?’, ‘त्याच्या खालचं कोणतं?’ असं. रोज दहा मिनिटं, जास्त नको.

शाळा समिती सदस्य, दारव्हा तालुका
आणि धडा पाठ आहे की वाचतो आहे, हे कसं ओळखायचं? वेचणीच्या दिवसांचं काय?

निवृत्त केंद्रप्रमुख, अकोला
धड्यातलेच दहा शब्द मागून पुढे फळ्यावर लिहा. पाठांतर असेल तर तिथंच अडेल. किंवा बोट कुठं आहे ते बघा; तोंड ओळीच्या शेवटी आणि बोट मधेच, म्हणजे पाठ.

वेग वाढवायला 60-70 शब्दांचा एकच उतारा तीन-चार दिवस वाचून घ्या आणि मिनिटाला बरोबर शब्द किती ते मोजा. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या कार्यक्रमात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. वेग वाढला आणि प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर उतारा सोपा करा.

वेचणीचं म्हणाल तर आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते. अक्षर आणि शब्द गटाचा मुख्य भार दसऱ्यापर्यंत उरकायचा. नंतर जे पोर आठ दिवस शेतात जाईल त्याला दोन पानांचा उतारा घरी द्या. आईला अक्षर येत नसलं तरी चालेल. तिनं संध्याकाळी ऐकायचं आणि बोट ओळीवरून सरकतंय का तेवढं पाहायचं. परत आल्यावर त्याच उताऱ्यापासून सुरुवात, वर्ग पुढे गेला असला तरी.

आता पुस्तकं. आधी शाळेचं कपाट उघडून बघा; बऱ्याच शाळांत ती कुलपातच असतात. व्हरांड्यात पोराच्या छातीइतक्या उंचीवर दोरी बांधा, चिमट्यांनी लटकवा, दर सोमवारी बदला. फाटतील, त्याचा हिशेब गुरुजींना मागायचा नाही असा ठराव समितीनं लेखी करून द्या, म्हणजे कुलूप निघेल. नवीन घ्यायचीच असतील तर पानावर दोन-चार ओळींची, मोठ्या टायपाची घ्या.