स्थळाच्या अर्जात 'वर्ण' हा रकाना कशासाठी?

विलेपार्ल्याची एक वाचक: धाकट्या बहिणीचे नाव उपनगरातील एका वधू-वर सूचक मंडळात नोंदवताना गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एकावर खूण करण्यास सांगण्यात आले. तिने 'सावळा' निवडले. आईने ते खोडून 'गव्हाळ' केले. आम्ही दोघी एकाच घरात वाढलो, तरी नातेवाईक मला 'उजळ' म्हणतात आणि तिला 'नाकीडोळी नीटस, पण…'. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नेसुद्धा २०२० मध्ये नावातून 'फेअर' वगळले. आपल्या मंडळांनी निदान हा रकाना तरी काढावा.

मंडळाचे एक स्वयंसेवक, दादर: ताई, आपले दुःख समजते, तरीही मी असहमत आहे. रकाना काढला तरी फोटो राहतोच. उलट आधी कळल्याने कांदेपोह्यांनंतरचा नकार आणि त्यातला अपमान टळतो. जोडीदाराविषयीची आवड नियमाने बदलत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातील कर्मचारी, सायन: काका, या आवडीची किंमत मी रोज पाहते. लग्न जमावे म्हणून मुली दुकानातून स्टिरॉइडयुक्त मलम आणतात, सल्ल्याविना महिनोन्‌महिने लावतात. त्वचा पातळ व लाल होते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम थांबवताच आग इतकी होते की तेच पुन्हा लावावे लागते. मुलांच्या रंगाबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते.

मीरा रोडचा रहिवासी: प्रश्न लग्नापुरता नाही. आमच्या सोसायटीत आफ्रिकी भाडेकरू नको म्हणताना 'हबशी' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास शाळेत शिकलेली माणसेच तो वापरत होती. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, रंगाचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे बोट कशावर ठेवावे हेच कळत नाही.

स्वयंसेवक, दादर: मलमांचे म्हणणे मला मान्य आहे आणि रंगावरून घर नाकारणे हा अन्यायच आहे, परंतु लग्नाला होकार मिळणे हा कोणाचा हक्क नसतो, म्हणून दोहोंची सांगड मला पटत नाही. रकाना ऐच्छिक करण्याचा प्रस्ताव मी मांडीन.

मूळ वाचक: काका, रिकामा रकाना म्हणजे सावळीच, असे वाचले जाईल, हे आपणही जाणता. बहिणीने काल अर्ज परत मागवला आणि आईसमोरच 'गव्हाळ' खोडून 'सावळा' लिहिले.