आयएफसी मागितली तर भिंती प्रॉक्सी होऊन येतायत, सगळ्यांना एका स्टँडर्डवर आणायचं कसं?

कोऑर्डिनेटर_पुणे:
मंडळी, हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर बीआयएम (इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल) बघते. आर्किटेक्ट रेव्हिटवर, स्टीलवाले टेक्लावर, एमईपीचं (वीज, एसी, प्लंबिंग) अर्धं काम अजून साध्या कॅडमध्ये. सगळ्यांनी आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी सामाईक फाइल) द्यायचं ठरलं, फाइली येतायत पण अर्ध्या भिंती नुसत्या प्रॉक्सी (म्हणजे कसलीतरी वस्तू, भिंत अशी ओळखच नाही), आणि फायर रेटिंग (भिंत किती तास आग अडवते) कुणी कॉमेंटमध्ये टाकलंय, कुणी एफआर नावाचा स्वतःचा पॅरामीटर केलाय, एकाने तर टाइपच्या नावातच "२ तास" लिहिलंय. आता २ तासांच्या भिंती किती हे हातानेच मोजावं लागतंय. आमचे साहेब म्हणतात सगळ्यांना रेव्हिटच घ्यायला लावा. काय करू?

रेव्हिटवाला:
प्रॉक्सीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, भिंत जेनेरिक मॉडेल म्हणून काढलेली असते, मग एक्सपोर्टला कळणार कसं ती भिंत आहे. कॅटेगरी सुधारायला सांगा, नाहीतर निदान मॅपिंग तरी. फायर रेटिंग रेव्हिटच्या मूळ पॅरामीटरमध्येच भरायचं आणि एक्सपोर्ट करताना कॉमन प्रॉपर्टी सेटवर टिक करायची, मग ते आयएफसीच्या पीसेट वॉल कॉमन या भिंतींच्या ठरलेल्या माहिती-संचात आपोआप जातं. आणि आयएफसीची आवृत्ती २x३ की ४ हे आधी ठरवा, अर्धे एकात अर्धे दुसऱ्यात असं नको.

साइट_ते_ऑफिस:
साहेबांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. एकच सॉफ्टवेअर घेतलं तरी एकजण कॉमेंटमध्ये लिहिणार, दुसरा नावात, रोग तिथेच राहतो. आणि स्टीलवाल्याचं फॅब्रिकेशन ड्रॉइंग टेक्लातून निघतं, त्याला ते का सोडायला लावायचं? नुसतं "आयएफसी द्या" म्हणणं म्हणजे काहीच न मागणं. कुठल्या वस्तूवर कुठली माहिती, कुठल्या नावाने, कुठल्या टप्प्याला, हे वर्क ऑर्डरलाच जोडा. २०२४ मध्ये आयएफसी सांभाळणाऱ्या बिल्डिंगस्मार्ट संस्थेने आयडीएस १.० मंजूर केलं ते याचसाठी, "प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर फायर रेटिंग हवंच" हा नियम मशीनला वाचता येईल असा लिहायचा, मग पाठवणाराही तपासतो, घेणाराही तपासतो. बोन्साय हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात चालतं. एमईपीवाल्यालाही चालवता येईल.

मेंटेनन्स_बाजू:
मी बिल्डिंग चालवणाऱ्यांच्या बाजूचा. माहितीची अशी फेकाफेक होते त्याचा मार शेवटी आमच्यावरच. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००४ च्या अहवालात यामुळे वाया जाणारा खर्च वर्षाला १५.८ अब्ज डॉलर धरला होता आणि त्यातले १०.६ अब्ज मालक आणि चालवणाऱ्यांच्या माथी. म्हणून क्लायंटलाच पुढे करा, पैसे तो देतो, त्याचं ऐकतात. फिनलंडमध्ये सरकारी इमारतींच्या मालकानेच २००७ पासून आयएफसी मागायला सुरुवात केली, सॉफ्टवेअरवाल्यांची वाट बघितली नाही.

कोऑर्डिनेटर_पुणे:
खूप आभार, पण वर्क ऑर्डर तर झाल्यात, आता कसं घालू?

साइट_ते_ऑफिस:
सगळं एकदम मागू नका ताई, कंटाळून कुणीच देणार नाही. भिंती आणि दारं, फक्त फायर रेटिंग, एवढीच आयडीएस करा, पुढच्या कोऑर्डिनेशन मीटिंगच्या मिनिट्समध्ये टाका, आणि नापास झालेल्या वस्तू बीसीएफमध्ये (मॉडेलमधल्या चुका कळवायची फाइल) परत पाठवा म्हणजे समोरच्याला थेट ती भिंतच उघडून दिसते, ईमेलमध्ये "तिसऱ्या मजल्यावरची डावीकडची" असं लिहीत बसावं लागत नाही. एमईपीवाल्याचं डक्ट आणि फायर डॅम्पर दुसऱ्या फेरीत घ्या.

रेव्हिटवाला:
आणि एक्सपोर्टचं सेटअप स्वतः करून फाइल आर्किटेक्टला पाठवा, त्यांना फक्त इम्पोर्ट करायला सांगा. सेटिंग शोधत बसायला लागलं की माणूस परत जुन्यावर येतो.