प्रतिसाद: पहिल्याच दिवशी तीन घाट नकोत

तुमचा बेत वाचला. रात्रभर विमानात काढून सकाळी झुरिकला उतरायचं, गाडी ताब्यात घ्यायची आणि त्याच दिवशी स्वित्झर्लंडच्या आल्प्समधले सुस्टेन, ग्रिम्झेल, फुर्का हे तिन्ही घाट? नका हो करू असं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे तिथले दुपारचे चार वाजतात तेव्हा तुमच्या अंगात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि फुर्काची उंची २,४२९ मीटर!

आम्ही ठाण्याहून गेलो तेव्हा पहिला तासभर वळायचं म्हटलं की मी वायपरच चालू करत होतो. इंडिकेटरची दांडी तिकडे डाव्या हाताला. शेवटी बायकोने प्रत्येक चौकात ‘उजवीकडे राहा’चा जप लावला. घोडबंदरला गायमुखच्या घाटात ट्रकांमधून गाडी काढणाऱ्या माणसाला तिथले रस्ते सोपेच वाटतात, पण हाताची सवय झोपेशिवाय बदलत नाही.

पहिल्या दिवशी ल्युसर्न गाठा. जेमतेम तासाभराची वाट. तलावाकाठी पाय मोकळे करा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी घाटांच्या पायथ्याचं आन्डरमाट गाव धरून तिन्ही घाटांची फेरी करा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण थांबत थांबत अख्खा दिवस जातो. अरुंद वळणावर पिवळी पोस्टबस (तिथली सार्वजनिक बस) तीन सुरांचा भोंगा देत आली की तिला वाट द्यायची, ड्रायव्हर सांगेल तसं मागे घ्यायचं.

मे महिन्यात जाणार असाल तर मात्र घाट उघडलेत का ते आधी बघा. बरेचदा जूनपर्यंत बर्फ असतो.

आणि हो, आवळासुपारी मागच्या सीटवर हाताशी ठेवा.