मदत हवी आहे : बाबांना केंब्रिज दाखवायचंय, जूनमध्ये

नमस्कार मंडळी. जूनच्या सुरुवातीला आईबाबा लंडनला माझ्याकडे येताहेत. बाबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आले. १८९९ साली रँग्लर परांजपे ज्या सेंट जॉन्स कॉलेजमधून सीनियर रँग्लर (गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले) झाले, ते कॉलेज आणि जिथे त्या काळी ट्रायपॉसचे, म्हणजे त्याच पदवी परीक्षेचे, निकाल मोठ्याने वाचले जात ते सिनेट हाउस त्यांना डोळे भरून पाहायचंय. डॉ. जयंत नारळीकरही केंब्रिजचेच, त्यामुळे त्यांच्या फिट्झविल्यम कॉलेजलाही जायचा हट्ट आहे. तो मला पुरवायचाच आहे.

अडचण तारखांची आहे. परीक्षांच्या काळात बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात म्हणे. जूनमध्ये गेलेल्यांनी सांगा, सेंट जॉन्समध्ये आत सोडलं का? आधी ईमेल करून, गणिताचे जुने शिक्षक येताहेत असं कळवलं तर उपयोग होतो का? ट्रिनिटी कॉलेजच्या रेन लायब्ररीत न्यूटनची स्वतःची, त्यानेच लिहिलेल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथाची प्रत आहे. तिथे रांग किती असते?

बाबांचे गुडघे दुखतात. किंग्ज क्रॉसहून ट्रेनने तासाभरात पोचू, पण स्टेशन गावापासून लांब आहे. पुढे बस बरी की टॅक्सी? कॅम नदीतल्या त्या चपट्या होड्यांत चढ-उतार त्यांना जमेल का? किंग्ज चॅपेलची संध्याकाळची प्रार्थना ऐकायची तर मुक्काम करावा का? आईसाठी शाकाहारी जेवणाची जागाही सुचवा. तारीख बदलावी लागली तरी चालेल, फक्त तिकिटं काढण्याआधी कळलं तर बरं.