अपडेट मारल्यापासून प्रिंटर वायफायला जोडत नाही, काय करू? (बजेट १५०० च्या आत)

विश्रामबागकर: मंडळी, शनिवारी रात्री राऊटरच्या ॲपवर लाल टिंब आलं, नवीन फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आलंय म्हणून. मला टिंब दिसलं की दाबल्याशिवाय राहवत नाही, दाबलं. तेव्हापासून प्रिंटर आणि बेडरूममधला जुना टीव्ही वायफाय पकडतच नाहीत. मोबाईल पकडतो पण हॉलमधनं स्वयंपाकघरात गेलं की नेट तुटतं. फायबरच्या डब्यावर लाल लाईट नाही, लॅपटॉपला केबल लावली तर स्पीड पूर्ण मिळतोय. बायको घरी शिकवणी घेते, तिच्या प्रश्नपत्रिका अडकल्यात, झेरॉक्सवाल्याकडं फेऱ्या चालू आहेत. राऊटर ४ वर्षांचा. हाच सुधारला तर बरं, नाहीतर नवीन, पण १५०० च्या वर एक रुपया नाही.

मिरज_जंक्शन: सरळ मेश घ्या, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे. मी दिवाळीत दोन डब्यांचं घेतलं ९५०० ला, गच्चीवर टाकीपाशी उभं राहिलं तरी फुल रेंज. १५०० मध्ये राऊटर येत नाही, डबडं येतं.

कुपवाडकर: त्यांनी बजेट लिहिलंय की ओ. रिसेट मारा. मागं बारीक भोक असतंय, त्यात पिन घालून १० सेकंद दाबून धरायचं, जुनं फर्मवेअर परत येतं आणि विषय संपला.

गोडोली_सातारा: थांबा थांबा, पिन टोचू नका!! मी असंच कुणाचंतरी ऐकून टोचली. वायफाय आलं पण नेट गायब, कारण पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीच्या लॉगिनचा, युजरनेम पासवर्ड राऊटरमध्येच होता, रिसेटला तो पण पुसला. केबलवाल्याला फोन लावला तर तो गावच्या जत्रेत, मागं हलगी वाजतीय, म्हणतोय मंगळवारी बघू. तीन दिवस पोरगं माझ्याशी बोललं नाही. आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ नाहीतर १९२.१६८.१.१ उघडा आणि इंटरनेट सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा, व्हीलॅन नंबर (काही नेट कंपन्या देतात तो आकडा) असला तर तो पण. पासवर्ड नुसता टिंबं टिंबं दिसतो, तो आधीच मागून घ्या.

गावभाग_वाडा: २०१९ च्या पुरात आमचा राऊटर माडीवर कपाटावर ठेवला होता, तोच अजून चालतोय, एकदाही अपडेट नाही. चालत्या मशीनला हात लावायचाच कशाला.

तारजोडणी: वाडेवाले, अपडेटमध्ये सुरक्षेची भोकं पण बुजवलेली असतात, तेव्हा हे काय फार अभिमानाने सांगायचं नाही. आणि कुपवाडकर, रिसेटनं फक्त सेटिंग पुसतं, फर्मवेअर नवीनच राहतं.
विश्रामबागकर, मी हेच काम करतो, तुमच्याकडं दोन गोष्टी झाल्यासारख्या वाटतात. एक, अपडेटनंतर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन्ही बँड एकाच नावाखाली आले असतील, ॲपमध्ये स्मार्ट कनेक्ट असं काहीतरी दिसेल, ते बंद करा. ५ ला स्पीड जास्त पण भिंत आली की दम जातो, म्हणून मोबाईल स्वयंपाकघरात तुटतोय. जुन्या प्रिंटरला तर बहुतेक २.४ च कळतं. दुसरं म्हणजे वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर गेली असेल, जुन्या वस्तूंना ते जमत नाही, २.४ ला डब्ल्यूपीए२ करा. २.४ चं नाव आणि पासवर्ड मात्र पहिलाच ठेवा, अक्षर न अक्षर, म्हणजे प्रिंटर आपोआप येईल. २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. खर्च शून्य.

मिरज_जंक्शन: पण हल्ली सगळे ५ जी सिम वापरतात, त्यांना २.४ वर कशाला ढकलताय?

तारजोडणी: सिमचं ५ जी वेगळं, वायफायचं ५ गिगाहर्ट्झ वेगळं. दोघांचा काही संबंध नाही.

मिरज_जंक्शन: दुकानदार तर एकच म्हणला.

तारजोडणी: दुकानदाराला मेश विकायचं होतं.

गावभाग_वाडा: 😂 आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड आहेत, दगडी, तिथं ९५०० चं मेश पण गप बसेल.

कुपवाडकर: मग जुनं फर्मवेअर डाऊनलोड करून परत टाका. बुडाच्या स्टिकरवर व्ही२ व्ही३ (मॉडेलची आवृत्ती) काय लिहिलंय ते बघून त्याचीच फाईल घ्यायची.

तारजोडणी: स्टिकरचं बरोबर सांगितलंत, पण बऱ्याच मॉडेलना मागं जाताच येत नाही, आणि मधेच लाईट गेली तर राऊटर कायमचा झोपू शकतो. आपल्याकडं लाईटचा भरवसा आहे का.

शाहूपुरी_४१५: पिन घालून रिसेट मारा, माझं झालं होतं.

गोडोली_सातारा: अहो वरचं वाचा की जरा.

विश्रामबागकर: सगळ्यांचे आभार. तारजोडणी म्हणाले तसंच निघालं, दोन्ही एकत्र होते आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए३. वेगळे केले, टीव्ही लगेच आला, स्वयंपाकघरात पण नेट टिकतंय. प्रिंटर आलाच असता बहुतेक, पण त्याच्या बोटभर स्क्रीनवर बाणाची बटणं दाबत एकेक अक्षर पासवर्ड भरताना माझ्याकडनं दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा बायकोनं उठवलं. ती हरभट रोडवरनं १५० ची यूएसबी केबल घेऊन आली, चौकोनी तोंडाची, आणि प्रिंटर सरळ लॅपटॉपला जोडला. आता वायफाय नको म्हणतीय. ॲप पण माझ्या मोबाईलमधनं काढून तिच्यात टाकलंय.

तारजोडणी: अहो पण दोन मिनिटांचं काम राहिलंय फक्त.

विश्रामबागकर: तुम्ही सांगून बघा तिला.

गोडोली_सातारा: केबल किती लांब आहे? आमच्या प्रिंटरला पण तसलीच लागतीय वाटतं.