फर्नेसचा ब्लोअर थांबेना. मी उदगीरला, घर मिनेसोटात

प्रेषक: सध्या मुक्काम उदगीर

मंडळी, नमस्कार.

येळवशीसाठी (वेळ अमावस्येला शेतात साजरा होणारा आपला सण) गावी आलोय. इकडं सकाळचे नऊ वाजलेत, आईची आंबील-भज्जीची गडबड चालू आहे. तिकडं रात्रीचे साडेनऊ. घरी बायको, लेकरं आणि सासरे. संध्याकाळपासून फर्नेसचा (घर गरम करणारी गॅसची भट्टी) ब्लोअर, म्हणजे गरम हवा घरभर ढकलणारा पंखा, सारखा चालायलाय. थर्मोस्टॅटवर (भिंतीवरचं तापमान सांभाळणारं यंत्र) 70 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 21 सेल्सियस दिसतंय, घर गरम आहे, तरी पंखा बंद होईना. फॅनचं बटण ऑटोवरच आहे. सर्व्हिसवाला सोमवारी येतो म्हणतो, रात्री बोलावलं तर नुसतं दारात यायचेच भरमसाट पैसे. सासरे महावितरणचे निवृत्त लाइनमन आहेत, हात धीट आहे, पण फर्नेस आयुष्यात पहिल्यांदा बघायलेत. शेतात रेंज नसते, निघायच्या आत कुणी सांगितलं तर बरं होईल.

प्रेषक: संभाजीनगरचे काका

अरे, बारा वाजेपर्यंत घरीच थांब, भज्जी कुठं पळून जात नाही.

सिडकोत येऊन स्थायिक झालो तरी हीटिंगचं काम डोक्यातून गेलेलं नाही. पहिला प्रश्न एकच: व्हेंटमधून (खोलीत हवा सोडणारी जाळी) हवा गरम येते की गार? ब्लोअर सतत चालतो याच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात, आणि लोक दोन्हीला एकच औषध देत बसतात.

गार हवा येत असेल, घराचं तापमान उतरत असेल, तर बर्नर पेटत नाहीये. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला टाकीत पाणी नसताना कूलर नुसती हवा मारायचा, तसंच. फर्नेस आतून फार तापली की लिमिट स्विच उघडतो, बोर्ड (फर्नेस चालवणारं आतलं सर्किट) गॅस बंद करतं आणि आतलं थंड करायला ब्लोअर चालू ठेवतं. तेव्हा ब्लोअरला शिव्या देऊ नका, तो घर वाचवायलाय. हवा अडली की फर्नेस अशी तापते, म्हणून फिल्टर काढून उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत नसेल तर बदला. न वापरायच्या खोल्यांचे व्हेंट बंद केले असतील तर उघडा. ज्वाळा बाहेर येते तेव्हा पडणारं रोलआउट स्विचचं लाल बटण मात्र दाबत बसू नका. ते पडलंय म्हणजे चिमणी तुंबलीय किंवा हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता हवेला देणारा भाग) तडा गेलाय, असं काहीतरी असू शकतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर सगळे घराबाहेर, बाहेरूनच फोन.

तुझं घर गरम आहे म्हणतोस, म्हणजे दुसरी गोष्ट असावी: पंख्याला कुठूनतरी ‘चालू राहा’ असा निरोप जातोय. हा निरोप जातो हिरव्या तारेतून. थर्मोस्टॅट लाल तार हिरवीला जोडतो, तेवढ्या 24 व्होल्टवर बोर्डावरचा रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) ओढला जातो आणि 120 व्होल्टचा ब्लोअर सुरू होतो.

सासऱ्यांना सांग, थर्मोस्टॅटचा पुढचा भाग भिंतीवरून काढा आणि पाचेक मिनिटं थांबा, कारण बर्नर विझल्यावरही ब्लोअर दीड ते तीन मिनिटं चालतोच. थांबला तर दोष थर्मोस्टॅटचा. नाही थांबला तर फर्नेसशेजारचा स्विच बंद करायचा (दिव्याच्या बटणासारखाच दिसतो), खालचं दार काढून बोर्डावर ‘जी’ लिहिलेल्या स्क्रूखालची हिरवी तार सोडवायची, दार लावून स्विच चालू. दाराला आतून सेफ्टी स्विच असतो, तो चिकटपट्टीनं दाबून ठेवायचा शहाणपणा नको. तरीही पंखा चालला तर रिले चिकटलाय, बोर्ड गेलं. थांबला तर मधल्या केबलमध्ये लाल-हिरवी एकमेकींना लागल्यात. दाराच्या काचेतून बोर्डावरचा लुकलुकणारा दिवाही मोजायला सांग, त्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला छापलेला असतो.

प्रेषक: मिनेसोटाहून, लेकीच्या मेलवरून

साहेब, नमस्कार. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली, पण इथं तिचं कौतुक कुणाला सांगता! बाहेर उणे वीस आहे.

हवा कोमटच येते, बर्नर वेळेवर पेटतो, विझतो. दिवा एकसारखा चालू आहे, लुकलुकत नाही. फिल्टर स्वच्छ. थर्मोस्टॅट काढला तरी पंखा थांबला नाही. हिरवी तार सोडली, लगेच गप्प.

मग केबलच्या मागं लागलो. बेसमेंटमध्ये ती भिंतीवरून उघडीच गेलीय. तिथं सुतारानं सामानाची फळी ठोकलीय आणि लेकीनं काल संध्याकाळी तिच्यावर तांदळाची पोती ठेवली. फळी बोटभर खाली आलीय, आणि ब्रॅकेटचा एक स्क्रू सरळ केबलच्या पोटात! लाइनवर झाडाची फांदी पडून दोन तारा चिकटायच्या, ते बघण्यात नोकरी गेली. इथं तोच प्रकार बोटभर जागेत. पोती उतरवली, पण स्क्रू अजून तसाच आहे. आता रात्रभर फर्नेस चालवू का नको?

प्रेषक: संभाजीनगरचे काका

वा, लाइनमनसाहेब! चालवा खुशाल, पण आधी दोन कामं. स्विच बंद करून तो स्क्रू काढा आणि सोललेल्या तारा सुट्या करून एकेकीला टेप लावा. लाल तार ‘सी’वरच्या, म्हणजे परतीच्या तारेला लागली तर बोर्डावरचा 3 किंवा 5 अँपिअरचा छोटा फ्यूज जाईल आणि मग खरोखरच गारठाल. सोडलेल्या हिरव्या तारेलाही टोपी घाला.

हिरवी तार नसली तरी घर तापतं. पांढऱ्या तारेवरून उष्णतेचा निरोप आला की बोर्ड बर्नर पेटवतं आणि थोड्या वेळानं ब्लोअर स्वतःच सुरू करतं. हिरवीचं काम नुसता पंखा हवा असेल तेव्हा आणि उन्हाळ्यात एसीला. जावईबापू परतले की तेवढा तुकडा बदलून घ्या. केबलमध्ये एखादी निळी तार रिकामी पडलेली असेल आणि तिला स्क्रूनं धक्का लावला नसेल, तर दोन्ही टोकांना तीच ‘जी’वर लावली तरी भागतं.

प्रेषक: सध्या मुक्काम उदगीर

काका, आत्ताच फोन आला: पंखा बर्नरबरोबर चालू होतो, नंतर बंद होतो, फ्यूज शाबूत. सोमवारची वेळ रद्द केली. सासरे आता फळी काढून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला ठोकणार म्हणतायत. मी म्हटलं, आधी मला येऊ द्या. निघतो शेताकडं, बैलगाडी केव्हाची दारात उभी आहे.